दार लावून आत बसा

नागपुरातल्या गॅरेजवाल्यांत एक पद्धत माझ्या नावाने चालते. गाडीच्या दाराचा दिवा उगाच लागत असेल, तर नुसतं मीटर लावून मोकळं व्हायचं नाही. सगळी दारं लावायची, काचा चढवायच्या, आत बसायचं आणि वाट पाहायची. आमच्या कामात याला 'मधुकर मिस्त्रीचं बसणं' म्हणतात. या अंकाच्या संपादकांच्या गाडीचं दुखणं माझ्याकडे शिकलेल्या एकाने असंच बसून शोधून काढलं होतं. त्यांना त्याचं फार कौतुक वाटलं आणि त्यांनी माझ्याकडे त्या बसण्यावरच लेख मागितला.

मी हो म्हटलं ते एका कारणासाठी. ती पद्धत माझी नाही. ती दौलतराव नावाच्या एका ड्रायव्हरची आहे. त्यांनी ती मला सांगितली तेव्हा मी ऐकली नाही, आणि त्याची झळ मला नाही, त्यांना बसली. पुढे ती माझ्या नावाने चालू लागली तेव्हाही मी गप्प राहिलो. आता वय झालं आहे. नावावरचं हे ओझं उतरवून ठेवावं म्हणतो.

आधी काम काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

कोराडी रस्त्यावर, मानकापूरच्या पुढे माझी टिनाची शेड होती. मी गाड्यांच्या विजेची कामं करायचो. लोक आम्हाला वायरिंगवाले म्हणतात. इंजिनवाल्यांचे हात काळे होतात, आमचे भाजतात, एवढाच फरक. पण इंजिनाचं दुखणं बोलतं. ते खडखडतं, धूर सोडतं, तेल गाळतं. विजेचं दुखणं मुकं असतं. तार वरून धडधाकट दिसते आणि आत तुटलेली असते. वीज दिसत नाहीच, ती जिथे पोचली नाही किंवा जिथे जायला नको तिथे गेली, ते ठिकाण शोधायचं असतं. त्यामुळे आमचं निम्मं काम हातांचं आणि निम्मं गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकण्याचं. हे दुसरं निम्मं मला उशिरा समजलं.

जुन्या गाड्यांत दाराच्या चौकटीत एक लहानसं बटण असायचं, घराच्या बेलसारखं. दार लागलं की ते दबायचं आणि छताचा दिवा विझायचा. दार उघडलं की बटण बाहेर यायचं आणि दिवा लागायचा. त्यात घाण बसली की बटण अडकायचं आणि दिवा मनाला येईल तसा लागायचा.

इतवारीतले एक किराणावाले शेठ याच तक्रारीसाठी आले होते. त्यांचे वडील नुकतेच गेले होते. म्हणाले, बाबा गेल्यापासून गाडीतला दिवा आपोआप लागतो, आणि लागतो तो बाबा बसायचे त्याच बाजूचं दार लावल्यावर. घरची मंडळी घाबरली होती. मी बटण काढलं, पेट्रोलने धुतलं, परत बसवलं. दिवा सुधारला. शेठ आनंदाने गेले आणि आठवड्याभरात परत आले. गाडीतून न उतरता, स्टिअरिंगवर हात ठेवून, खाली पाहत त्यांनी विचारलं, "मिस्त्री, पयलेसारखं करता येते काय?" मी हसलो नाही. बटणाखाली कागदाची बारीक घडी सारून दिली. पुढे बरीच वर्षं त्या गाडीत दिवा लागत होता.

नंतरच्या गाड्यांत ते बटण चौकटीतून गेलं आणि दाराच्या कुलपात शिरलं. मग त्याची तार गाडीच्या अंगातून दारात न्यावी लागली. दार जिथे बिजागरीवर फिरतं तिथे एक रबरी नळी असते, त्या नळीतून सगळ्या तारा जातात. ही जागा म्हणजे दाराचं कोपर. दार उघडलं की तारा ताणतात, लावलं की दुमडतात. दिवसातून किती वेळा, ते त्या दारालाच माहीत. कधीतरी एखाद्या तारेचं कातडं फाटतं.

आणि आता आमची युक्ती सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. दाराचं बटण तपासायला दार लावावंच लागतं असं नाही. दार सताड उघडं ठेवायचं आणि कुलपाच्या तोंडातली लोखंडी जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबून आत फिरवायची. खट् आवाज येतो. गाडीला वाटतं, दार लागलं. दिवा विझला की बटण चांगलं, नाही विझला तर बटण खराब. पुन्हा कडी ओढली की जीभ मोकळी. उभ्या-उभ्या काम होतं. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत कोण बसणार? आमच्याकडे प्रत्येक गाडी दारं उघडी टाकूनच उभी असायची, पंख पसरून बसलेल्या कोंबडीसारखी.

दौलतराव रामदासपेठेतल्या एका डॉक्टरबाईंची गाडी चालवत. बाई बाळंतपणं करत. घर रामदासपेठेत आणि दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. एखादी बाळंतीण घरी निघाली आणि तिच्या माणसांजवळ वाहन नसलं, की बाई आपली गाडी देत. त्यामुळे दौलतरावांच्या मागच्या सीटवर पुष्कळदा टॉवेलात गुंडाळलेलं एखादं पोर असायचं. ते दार लावत ते पाहण्यासारखं असे. तळवा काचेखाली ठेवून दार जवळ आणायचं, क्षणभर थांबायचं, आणि मग अंगाच्या भाराने हलकेच दाबायचं. टुक एवढाच आवाज. ड्रायव्हर लोक दारं आपटतात, त्यात त्यांना रुबाब वाटतो. दौलतरावांना मी कधी दार आपटताना पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात बाईंची गाडी सकाळी चालू होईना. बॅटरी उतरलेली. मी ती चार्ज करून दिली. थोडे दिवस ठीक गेले आणि पुन्हा तेच. दौलतरावांनी सांगितलं की छताचा दिवा सकाळी जळत असलेला सापडतो. दिवाच बंद करून ठेवा म्हणणं सोपं होतं, पण बाईंना गुडघ्यांचा त्रास, अंधारात चढता-उतरताना उजेड लागे. मग एका सकाळी दवाखान्यातून तातडीचा निरोप आला आणि गाडी गप्प. बाई घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून ऑटोरिक्षाने गेल्या. पोचल्या वेळेवर, आई आणि बाळ दोन्ही सुखरूप राहिली. पण बाईंच्या मुलाने त्या दिवशी ठरवलं की याचा निकाल लावायचा. तो स्वतः दौलतरावांना घेऊन माझ्या शेडमध्ये आला.

दुपारची वेळ होती. टिन तापलेलं. मी चारही दारं उघडली, स्क्रू ड्रायव्हरने चारही कुलपांच्या जिभा दाबल्या आणि मग एकेक सोडून पुन्हा दाबत गेलो. दिवा बरोबर विझत होता, बरोबर लागत होता. मीटर लावला, तोही ठीक दाखवत होता. दौलतराव मागच्या डाव्या दारापाशी उभे होते. ते दार बाईंचं.

ते म्हणाले, "मधुभाऊ, असं नाही होत ते. दार लावताना दिवा विझते. मी पाहूनच जातो. मंग केव्हातरी आपल्या मनानं लागते. परवा मी आत बसून होतो, सगळे दारं लावून, तवा लागला."

मी म्हटलं, बटण चांगलं आहे, मग कसा लागेल?

"तुमी दार लावून आत बसा ना थोडसं," ते म्हणाले. "बसून पाहा."

मी घामाने निथळत होतो. शेडबाहेर आणखी गाड्या उभ्या होत्या. आणि खरं सांगायचं तर, तपासणी कशी करावी हे ड्रायव्हरने मला सांगावं, हे मला आवडलं नाही. मी बसलो नाही.

बाईंच्या मुलाने मला सरळ विचारलं, "मिस्त्री, दोष गाडीत आहे की माणसात?"

मी म्हटलं, "गाडीत नाही."

दोष दौलतरावांचा आहे असं मी म्हटलं नाही. या एका गोष्टीच्या आडोशाला मी पुष्कळ वर्षं उभा राहिलो. पण ते तरी पूर्ण खरं कुठे आहे? मुलाने विचारलं, मग दिवा जळत कसा राहतो, आणि मीच समजावून दिलं की दार फार हळू लावलं तर कधी कधी पहिल्याच खटक्यावर अडकतं. वरून लागल्यासारखं दिसतं, पण पुरतं लागलेलं नसतं.

दौलतराव वाद घालत बसले नाहीत. "ठीक आहे जी," म्हणाले आणि गाडी काढायला म्हणून एकेक दार लावत गेले. सवयीप्रमाणे, तळवा ठेवून, हलकेच. टुक. मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'पाहिलंत ना?' होतं. मी मान हलवली.

महिना संपताच त्यांचं काम गेलं.

रामदासपेठेत डॉक्टरांच्या गाड्यांचे ड्रायव्हर एका चहाच्या टपरीवर जमायचे. गोष्ट तिथे पोचायला कितीसा वेळ लागणार? दौलतरावांचं नाव 'दरवाजा' पडलं. मी एकदा तिथे चहा घेत असताना ते समोरून जात होते. कोणीतरी हाक मारली, "काहून गा दरवाजा, घराचं दार लावून आला काय?" सगळे हसले. दौलतरावही हसले. माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी हात वर करून नमस्कार केला. काही दिवसांनी कळलं, त्यांना मौद्याकडे कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या बसवर काम मिळालं आणि ते कुटुंब घेऊन तिकडेच गेले. मला बरं वाटलं. चला, माणूस मार्गी लागला.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कोराडीच्या कॉलनीतून एका गृहस्थांचा फोन आला. गाडी चालू होत नव्हती. योगायोग असा की गाडी अगदी तीच, बाईंच्या गाडीची बहीण म्हणावी अशी. मी मोटरसायकलवर सामान बांधून गेलो. बॅटरीला जोड दिला, दारं उघडली, स्क्रू ड्रायव्हर काढला. सगळं ठीक. आणि मग वारा सुटला. कोराडीला वारा सुटला की वीजकेंद्राची राख उडते. डोळे उघडता येईनात. गृहस्थ पुढे बसले, मी मागे शिरलो, आणि आम्ही दारं ओढून घेतली.

दिवा विझला. बाहेर पांढुरकं वादळ, आत आम्ही दोघं. ते गृहस्थ मुलीच्या बारावीबद्दल काही सांगत होते. मी हो-हो करत होतो. आणि छताचा दिवा लागला.

चारही दारं बंद होती. कोणी कशाला हात लावला नव्हता.

मी हात मागच्या दाराच्या बिजागरीकडे नेला आणि चौकटीच्या फटीतून रबरी नळी दाबली. दिवा विझला. सोडली, लागला. कळायला काही उरलं नाही. नळीतल्या एका तारेचं कातडं फाटलं होतं. दार लागलं की तारा दुमडायच्या आणि थोड्या वेळाने हळूच सरकून उघडं तांबं नळीच्या तोंडाशी गाडीच्या पत्र्याला टेकायचं. गाडीला वाटायचं, दार उघडं आहे. दार उघडलं की तारा ताणल्या जाऊन तांबं पत्र्यापासून दूर. म्हणजे दोष फक्त दार बंद असतानाच जिवंत व्हायचा, आणि आम्ही तो दार उघडून शोधत होतो. आमच्या युक्तीने गाडीला फसवता येत होतं, पण तारेला फसवता येत नव्हतं. तिला दुमडायला खरं दारच लागत होतं.

गृहस्थ म्हणाले, "काय झालं मिस्त्री? असे काहून बसले?"

मी म्हटलं, काही नाही, सापडलं. पण मला दिसत होता तो तापलेल्या शेडमध्ये उभा असलेला माणूस. तुमी दार लावून आत बसा ना थोडसं.

दुसऱ्याच दिवशी मी बाईंच्या घरी निरोप धाडला की गाडीची एक तपासणी राहिली आहे. नवा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. त्यालाही दोनदा बोलणी बसली होती म्हणे. मागच्या डाव्या दाराची नळी सोलली आणि तार तिथे होती. नखाएवढा भाग उघडा, तांबं हिरवं पडलेलं. मी तेवढा तुकडा कापला, नवी तार झाळून बसवली, दुमडायला थोडी ढिली ठेवली. ड्रायव्हरला सांगितलं, किरकोळ होतं. गाडी गेली. तारेचा तुकडा मात्र फेकवला नाही. स्क्रू ठेवायच्या डबीत टाकला.

त्या दिवशी मला दोन माणसांना, दौलतरावांना आणि बाईंच्या मुलाला, दोन वाक्यं सांगायची होती. मी सांगितली नाहीत. रामदासपेठेतले निम्मे डॉक्टर माझ्याकडे गाड्या पाठवत, ते बाईंच्या मुलाच्या शब्दावर. मधुकर मिस्त्री चुकत नाही, असा तो शब्द होता. शिवाय मनाची समजूत घालायला कारणं सापडतातच. दौलतरावांना काम मिळालं आहे. झालं ते झालं. आता उकरून काय होणार?

मात्र त्यानंतर स्क्रू ड्रायव्हरच्या भरवशावर मी कोणतीही गाडी सोडली नाही. भर मे महिन्यात डोक्यावर ओला पंचा टाकून बंद गाडीत बसू लागलो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही बसवू लागलो. अशा बसण्यातून बरेच दोष सापडले, नाव वाढलं. कोणी विचारलं, हे कसं सुचलं, तर मी हसायचो. लोकांना ते हसणं विनयाचं वाटायचं.

शेड बंद करून मला आता काही वर्षं झाली. हात थरथरतो, बारीक तार धरवत नाही. झिंगाबाई टाकळीत मुलाजवळ राहतो. झोपायच्या आधी फाटकाची कडी लावणं हे माझं काम होतं. या वर्षी दोन-तीनदा फाटक सकाळी उघडं दिसलं. सून स्वभावाने फार चांगली आहे. ती मला काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, राहू द्या, आता मी लावत जाईन."

मी म्हटलं, मी लावली होती कडी.

"हो ना बाबा, लावली असेल," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. कडी वर-खाली करून पाहिली. लावली होती का मी? हात आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. कालचा हात आठवत होता की परवाचा, तेही कळेना. खरं काय ते मला आजही सांगता येत नाही. पण एक समजलं. दौलतरावांचं काम गेलं एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. 'लावली असेल' या शब्दांनी माणसाचं आणखी काय जातं, ते मला माहीत नव्हतं.

मी डबी शोधली. तुकडा होता.

आधी रामदासपेठेत गेलो. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, दवाखाना केव्हाच सोडला. मुलगा परदेशी असतो. मी सगळं सांगितलं आणि तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला.

मग म्हणाल्या, "दार हळू लाव, हे त्याला मी सांगितलं होतं. बाळं दचकतात म्हणून. मुलगा घरी येऊन म्हणाला, तो दार हळू लावतो म्हणून असं होतं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की ते माझं सांगणं आहे." त्या थांबल्या. "मी नाही म्हटलं, मिस्त्री. दमले होते त्या दिवशी. चांगलं कारण आहे का हे?"

मी म्हटलं, मला ऊन लागत होतं. माझंही असंच कारण आहे.

"मग मौद्याला मीही येते," त्या म्हणाल्या.

आम्ही भाड्याची गाडी करून गेलो. मी आधी फोन केला होता, पण कशासाठी येतो ते सांगितलं नव्हतं. दौलतराव दाराशीच उभे होते. केस पार पांढरे, पण उभं राहणं तेच, ताठ. बाईंना पाहून गोंधळले आणि पायऱ्या उतरून गाडीकडे आले. त्यांच्या पत्नी शांताबाई मागून आल्या. मी "जय भीम, दौलतराव" म्हटलं, त्यांनी "जय भीम जी" म्हटलं आणि आम्ही आत जाऊन बसलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, टेबलावर नातीचं दप्तर. शांताबाईंनी पाणी दिलं.

घोळवून सांगण्यात अर्थ नव्हता. मी तारेचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, "दौलतराव, हा बाईंच्या गाडीचा आहे. मागच्या डाव्या दाराचा. दोष गाडीतच होता. तुम्ही दार लावलं होतं. हे मला तुम्ही गेल्यावर वर्षभरात कळलं, आणि मी आज सांगायला आलो."

त्यांनी तुकडा नखाने खरवडून पाहिला. खिडकीकडे धरून पाहिला.

"मंग मी लावलं होतं," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

शांताबाई पदर सावरत खाली बसल्या. म्हणाल्या, "आता मी सांगू काय? हे रोज घराचं दार लावते अन् तीनदा उठून ओढून पाहते. एकदा भंडाऱ्याले जाऊन राहिलो होतो लग्नाले. अर्ध्या रस्त्यातून बस सोडून वापस आले, कुलूप पाहाले. लग्न लागून गेलं. मी म्हणो, काहून जी असं करता, पोट्टे हासतात. तर म्हणे, माहा हात विसरते वं."

दौलतरावांनी तुकडा मुठीत धरला होता.

"पयले मी भांडलो, मधुभाऊ," ते म्हणाले. "तुमच्यापाशी नाही, मनातल्या मनात. मले पक्कं मालूम होतं का मी लावलं. मंग सगळेच म्हणाले लागले. साहेब म्हणे, तुमी म्हणले, टपरीवरचे म्हणे. मंग मलेच वाटाले लागलं का बा मीच विसरत असन. आपल्याच हातावर भरोसा नाही राहिला, त मंग कोणाशी भांडता?"

मी मान खाली घातली. ते म्हणाले, "तुमी बसाले पायजे होतं आत. थोडसंच. ऊन होतं, मले मालूम आहे. पण बसाले पायजे होतं."

एवढंच ते बोलले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मी तसं मागितलंही नाही. बाईंनी उठून त्यांच्याजवळची खुर्ची घेतली, त्यांच्या मुठीवर हात ठेवला आणि दार हळू लावायला कोणी सांगितलं होतं, ते शांताबाईंच्या समोर सांगितलं. दौलतरावांचे डोळे भरले ते तेव्हा. म्हणाले, "पोरगे दचकत होते ना, बाई. त्याईले कायले तरास द्यायचा?"

चहा झाला. नातीबद्दल बोलणं झालं, बाईंच्या गुडघ्यांबद्दल झालं. निघताना दौलतरावांनी मला बाजूला घेतलं. "हे त्या टपरीवर कोण सांगन?" हसतच विचारलं त्यांनी, पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. ती टपरी आता नाही. तिथले ड्रायव्हर कोण कुठे पांगले, कोणी राहिलेही नसतील. म्हणून इथे सांगतो. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी हा अंक पोचला, तर वाचावं आणि दुसऱ्यालाही सांगावं. दौलतरावांनी दार लावलं होतं. रोज लावत होते. आणि जे बसणं माझ्या नावाने चालतं, ते यापुढे त्यांच्या नावाने चालावं.

बाई गाडीत बसल्या, मागे डावीकडे. मी पलीकडून बसलो. दौलतरावांनी त्यांच्या साडीचा काठ आत सारला, तळवा काचेखाली ठेवला, दार जवळ आणलं, क्षणभर थांबले आणि हलकेच दाबलं. टुक.

छताचा दिवा विझला.

ते दाराकडे पाहत उभे राहिले. हात कडीकडे निघाला होता, ओढून पाहायला. मागे पायरीवर शांताबाई उभ्या होत्या, त्याही त्या हाताकडेच पाहत होत्या. हात अर्ध्यातच थांबला. दौलतरावांनी तो खिशात घातला, तुकडा होता त्या खिशात, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "लागलं आहे. जाऊ द्या."